चौथा बोल्ट

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वरचा नमस्कार पत्राची रीत म्हणून घातलाय, त्यात माझ्या मनाचं काही शोधत बसू नकोस. आम्ही सगळे बरे आहोत. तू बरा असशीलच. सात वर्षं ज्याला एक ओळ लिहावीशी वाटली नाही तो माणूस ठणठणीतच असणार. आजारी पडला असतास तर कुणाची तरी आठवण आली असती.

तुझा पत्ता आईकडे सापडला. पिठाच्या डब्याखाली, घडी घालून ठेवलेला. म्हणजे तिला तू कळवत होतास, आणि ती रोज पीठ काढून पुन्हा डबा जागेवर ठेवत होती, आमच्या तोंडाकडे बघत, गुपचूप. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलावं लागलं, कारण माझा कामाचा डगला तिने कुठे वाळत घातलाय ते सापडेना. तेव्हा तिने हेही सांगितलं की तू सायकली दुरुस्त करतोस. ऐकून हसू आलं. सात गाड्यांचा तळ डोळे मिटून सांगणारा माणूस आता लोकांची पंक्चर काढतो. चांगलं आहे. सायकलच्या बोल्टमुळे कुणी आडवं होत नाही.

मुद्द्याचं लिहिते. दोन कामं आहेत.

आप्पांनी गॅरेज माझ्या नावावर करायचं ठरवलंय. त्यांचे गुडघे गेले, गाडीखाली वाकता येत नाही, आणि न वाकता दुसऱ्याचं काम नुसतं बघत राहणं त्यांना जमत नाही. वकील म्हणतो, मुलाने लिहून द्यायला हवं की या जागेवर माझा हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही. तो कागद सोबत आहे. फुली केलीय तिथे सही कर आणि परत पाठव. एकतीस तारखेला आप्पा त्यांच्या सह्या करणार आहेत. तुला जड जाऊ नये. ज्या उंबऱ्यावर सात वर्षं पाऊल टाकलं नाहीस तिथे हक्क कसला सांगणार?

दुसरं काम गाडीचं. दातवाल्या डॉक्टरांची हिरवी गाडी परत आली आहे.

हो, तीच. परवा सकाळी दुसऱ्या गाडीने ओढत आणली. चारही चाकं बसलेली, पुढच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. डॉक्टर बरोबर होते. केस पांढरे झालेत. मला वाटलं, तोंडाला येईल ते बोलतील, मी तयारच होते. पण ते एवढंच म्हणाले, "ज्यांनी कापलं त्यांनीच जोडून द्यावं. मला आता आवाज नको. कंपनीतून आली होती तशी करून द्या." आप्पा आतल्या खोलीत गेले आणि पंखा लावून बसले. पंख्याची गरज नव्हती. मग मीच गाडी घेतली आणि लिफ्टवर चढवली.

तुला विसर पडला असेल म्हणून आठवण करून देते, माझा पडलेला नाही. डॉक्टरांना गाडीचा आवाज घुमायला हवा होता. दिवसभर लोकांच्या दातांत यंत्र फिरवून त्या चिरचिरीने कान किटलेत, निदान घरी जाताना काहीतरी खर्जातलं ऐकू येऊ दे, म्हणायचे. जाड पाइपचा दुहेरी सायलेन्सर ठरला. तो बसायला खाली जागा नव्हती. मग तू तळाची आडवी पट्टी कापून तिला कमान दिलीस, सायलेन्सरची धग अडवणारा चंदेरी पत्रा दोन बोटं वर सरकवलास, आणि पाइप टांगायला मागे दोन नव्या ब्रॅकेट केल्यास. एकेकीला दोन बोल्ट, असे चार. चारही तळाच्या पत्र्यातून थेट मागच्या सीटखाली निघत होते. पाइप माझे, तळ तुझा, अशी वाटणी होती. माझ्या पाइपला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

सहाव्या दिवशी त्या चारांतला एक बोल्ट गळून पडला. ब्रॅकेट फिरली, पाइप लोंबला, सांधा उघडला, आणि बोल्टच्या रिकाम्या भोकातून सगळा विषारी वायू गाडीत. मागे डॉक्टरांच्या आई बसल्या होत्या. थंडी वाजते म्हणून काचा बंद. डॉक्टरांना वाटलं, त्यांना डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी आपल्याकडे आणली तेव्हा आप्पा काय म्हणाले होते? "ज्याच्या बोल्टपायी माणूस आडवा होतो त्याने माझ्या गॅरेजमध्ये पुन्हा पाना धरायचा नाही. बोला, कुणाचा बोल्ट?" तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला म्हणून ते आत गेले. तू गाडीखाली गेलास, बाहेर आलास आणि ते परत आल्यावर म्हणालास, "माझा." मग मी वाकून बघितलं. चारही ठिकाणी पांढरे ठिपके होते. आपल्याकडे बोल्ट जो आवळतो तो आपल्या रंगाचा ठिपका लावतो, अर्धा बोल्टवर आणि अर्धा शेजारच्या पत्र्यावर. आप्पांचा पिवळा, तुझा पांढरा, आणि माझी ती लाल नेलपॉलिश, आईने हौसेने आणलेली, जी माझ्या नखांना कधी लागलीच नाही. पांढरा म्हणजे तू. त्यात वाद नव्हता. तू पिशवी उचललीस आणि गेलास. आमच्याकडे वळूनही बघितलं नाहीस.

मला वाटत होतं तू त्याच दिवशी गाव सोडलंस. आता डॉक्टर सांगतात, त्यांच्या आई हॉस्पिटलमध्ये होत्या ते एकोणीस दिवस तू रोज सकाळी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचास. आजी अजून आहेत. हात थरथरतात, नावं विसरतात. पण 'पेपर वाचणारा मुलगा कुठे गेला' हे अजून विचारतात म्हणे. मन खात असेल तुझं. खायलाच हवं.

आडवी पट्टी किती कापली होतीस ते माप कळव. तुझी मापांची वही तूच घेऊन गेलास. अंदाजाने कापणाऱ्यांतली मी नाही.

आप्पांची मुलगी

ता. क. आई म्हणते, तब्येतीला जप असं लिही. लिहिलं.


ता. १९ मार्च

दादा,

आज नमस्कार नाही. रीत गेली खड्ड्यात.

तुझं पाकीट आलं. कागदावर सही आहे, अगदी फुलीवर, शाळेतल्या हुशार मुलासारखी. आणि सात वर्षांनी सख्ख्या बहिणीला दोन ओळी. पहिली: 'पट्टी एकशे दहा मिलिमीटर, कमान चाळीस खोल.' दुसरी: 'मागची डावी ब्रॅकेट गंजली असेल, बघत बसू नकोस, कापून सरळ भंगारात टाक.'

मला 'बघत बसू नकोस' असं लिहितोस? मला? लहानपणी वरच्या फळीवरच्या डब्यात बघू नकोस म्हणालास तेव्हा मला फळीवर चढायला किती वेळ लागला होता? डोकं कुठे ठेवून लिहिलंस रे?

पत्र टेबलावर टाकलं आणि तशीच गाडीखाली गेले. गंज कसला? सात वर्षं गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कोरडी ठणठणीत उभी होती. तुझी ब्रॅकेट आजही नवीकोरी आहे. वर तुझा अर्धा पांढरा ठिपका, आणि त्याच्या शेजारी भोक. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. नुसतं लावलं, जोर दिला नाही. पांढरा रंग माशाच्या खवल्यासारखा अख्खा सुटून माझ्या गालावर पडला.

खाली लाल.

मग बाकीचे तीन खरवडले. लाल, लाल, लाल.

कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा? सांग ना, कुणी? मी आले होते तुझ्याकडे पदर पसरून, की दादा, मला वाचव? आप्पा फोनवर असताना तू त्या चिंचोळ्या जागेत आडवा पडून चार ठिपके रंगवलेस, आणि बाहेर येऊन साळसूद तोंडाने 'माझा' म्हणालास. मोठा त्यागमूर्ती! तुला वाटलं, काय उपकार केले धाकटीवर. सात वर्षं मी तुला येताजाता शिव्या घातल्या आहेत, दादा. पाइप वाकवताना, वेल्डिंग करताना, जेवताना. गिऱ्हाइकाने विचारलं, तुमचा भाऊ कुठे असतो, तर मी म्हणायचे, त्याचं नाव काढू नका, त्याने एका म्हातारीला मारायचं बाकी ठेवलं होतं. हे मी तोंडाने म्हटलंय. हे तू मला म्हणू दिलंस!

आणि रंगाचा एवढा जाणता तू, नेलपॉलिशवर ऑइल पेंट धरत नाही हे तुला कळू नये? खोटं करायचं तर निदान धड करावं.

इथपर्यंत सोळा तारखेला लिहिलं होतं. पुढचं लिहायला तीन दिवस गेले. दोनदा कागद फाडला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की पाइप माझे आणि तळ तुझा. तसं ते खरंच होतं, फक्त शेवटच्या दिवसापर्यंत. शेवटच्या दिवशी दुपारी तू रबराचे हँगर आणायला बाहेर गेलास, आणि जाताना म्हणालास, "ठिणगे, तेवढे ब्रॅकेटचे चार बोल्ट आवळून घे. आणि आधी पाना, मग रंग." ते शेवटचं तू मला शंभरदा सांगितलं असशील. मी आधी रंग लावायचे. बाटली एकदाच उघडायची, चारही ठिपके एका दमात, आणि ते वाळेपर्यंत पाना फिरवायचा. मला ती माझी हुशारी वाटायची. त्या दिवशीही तेच केलं. चार ठिपके लावले. एक बोल्ट आवळला, दुसरा आवळला, तिसरा आवळला.

तेवढ्यात डॉक्टर आले. दारातूनच म्हणाले, "झालं का? आवाज ऐकायला मिळेल का?"

आणि मी गाडी खाली घेतली, दादा. चौथ्याला हातही न लावता. कारण तो आवाज मला ऐकायचा होता. दोन आठवडे मी ते पाइप वाकवत होते, प्रत्येक सांधा दोनदा तासला होता. किल्ली फिरवली आणि खिडकीच्या काचा हलल्या. फळीवरचे नट डब्यात नाचायला लागले. डॉक्टरांनी दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवले आणि डोळे मिटले. त्या क्षणी मला बोल्टबिल्ट काही आठवत नव्हतं. आप्पांनीही आतून येऊन मान डोलावली होती, माझ्याकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा. तू आलास तेव्हा गाडी परत वर घेतली, तू बॅटरी मारून चार लाल ठिपके मोजलेस, आणि म्हणालास, "सोड गाडी." रंग दिसला म्हणजे बोल्ट घट्ट. आपल्याकडे रंगावर कोण शंका घेतं?

आता खरं तेच लिहिते, कारण नाहीतर हे पत्रसुद्धा फाडेन. आप्पांनी 'कुणाचा बोल्ट' विचारलं तेव्हा ते चार बोल्ट कुणी हाताळलेत हे मला ठाऊक होतं. तू 'माझा' म्हणालास. मी वाकून बघितलं तर पांढरे ठिपके. तिथे पांढरे असूच शकत नव्हते. ते ठिपके मीच लावले होते, लाल नेलपॉलिशची बाटली माझ्या खिशात होती. आणि ते पांढरे ठिपके बघून मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. मी कुणाला काही विचारलं नाही. मनाशी ठरवून टाकलं की मागून तूच कधीतरी पुन्हा पाना फिरवला असशील आणि तुझा रंग लावला असशील. हे इतक्या वेळा मनाशी म्हटलं की मलाच ते पटायला लागलं. तुझ्यावर जेवढी जास्त चिडायचे तेवढं ते जास्त पटायचं.

म्हणून आज मला तुझा राग येतोय की माझा, ते विचारू नकोस. दोघांचा येतोय. तुझा जरा जास्त, कारण तू समोर नाहीस आणि मला तुला दोन धपाटे घालता येत नाहीत. आणि तू गाडीला हात लावायचं सोडलंस ते कशासाठी? आप्पांचा नियम त्यांच्या गॅरेजपुरता होता. जगातल्या सगळ्या गॅरेजांना तो लागू करून सायकली दुरुस्त करत बसायला तुला कुणी सांगितलं होतं?

आप्पांना अजून सांगितलेलं नाही. तुझा सही केलेला कागद माझ्या पान्यांच्या पेटीत तळाशी आहे. ते रोज सकाळी विचारतात, "आला का कागद?" मी म्हणते, नाही. एकतीस तारीख बारा दिवसांवर आली. मी गप्प बसले तर गॅरेज माझं होईल, कायद्याने, रीतसर, आणि वर तुझी सही असेल.

या पत्राखाली सही करत नाही. काय म्हणून करू?


ता. २८ मार्च

दादा,

सांगितलं.

गाडी लिफ्टवर पूर्ण वर चढवली, म्हणजे आप्पांना वाकावं लागू नये. त्यांना हाताला धरून खाली उभं केलं आणि त्यांच्या हातात बॅटरी दिली. म्हटलं, "ठिपके बघा." त्यांनी चष्मा लावला. चारही बघितले, एकेक करून, सावकाश. मग मी सगळं सांगितलं, चौथ्या बोल्टपासून आवाजापर्यंत. मला वाटलं, हातातली बॅटरी माझ्या अंगावर येईल.

ते म्हणाले, "एवढे दिवस लागले?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"त्या दिवशी मी पण खाली गेलो होतो. माझ्या बोटाला पांढरा लागला. सहा दिवस रस्त्यावर पळालेल्या गाडीचा रंग ओला कसा असेल?"

दादा, माझ्या हातात सतराचा पाना होता. मी तो फेकला. त्यांच्यावर नाही, पण फेकला. तो तेलाच्या पिंपाला लागला आणि पिंपाला हा एवढा पोचा आला. मी ओरडले, आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता तो चढवला. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं! त्याचा गुन्हा नाही हे माहीत असताना त्याला जाऊ दिलंत!"

ते म्हणाले, "नियम बोलून बसलो होतो. त्याने अंगावर घेतलं तेव्हा तो दारापर्यंत पोचलाही होता. तुझं नाव घेतलं असतं तर तूही गेली असतीस. दोन्ही पोरं एका सकाळी घालवायची होती का मी?"

"आणि मग सात वर्षं?"

"वाटायचं, आज सांगशील. उद्या सांगशील."

मग त्यांनी चष्मा काढला आणि शेजारचं ऑइलचं फडकं घेऊन काचा पुसायला लागले. काचा आणखी बरबटल्या. ते पुसतच राहिले. मला त्यांची दया आली नाही, खरं सांगते. मला एवढंच दिसत होतं की एका बोल्टपायी घरातली सगळी माणसं सात वर्षं एकमेकांना शहाणी समजत गप्प बसली. तू मोठेपणा केलास, त्यांनी वाट बघितली, मी मजेत राहिले. आईला किती माहीत होतं ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "हे आईला सांगा. मी माफ करणारा कोण?" आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. मी खाली बसून सांगितलं, मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. म्हणाल्या, "म्हणजे बोल्ट त्या पेपरवाल्या मुलाचा नव्हता."

मी म्हटलं, "नव्हता. माझा होता."

"मग आजपासून तू वाच."

तर रोज सकाळी वाचते. पहिल्या दिवशी म्हणाल्या, तू वाचतेस की भांडतेस? तू हळू वाचायचास म्हणे, आणि वाईट बातम्या गाळायचास. मी गाळत नाही. थरथरत्या हाताने त्या पेपरचं दुसरं टोक धरून बसतात, आणि माझी प्रत्येक ओळ हलते. ते मला रोज अर्धा तास बघावं लागतं. बघायलाच हवं.

आता ऐक, नीट.

तुझी सही असलेला कागद सोबत परत पाठवतेय, चार तुकडे करून. आप्पांच्या समोर फाडला. त्यांनी तिथूनच वकिलाला फोन करून एकतीस तारीख रद्द केली.

माझी पान्यांची पेटी मी आप्पांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नियम म्हणजे नियम. ज्याच्या बोल्टपायी माणूस आडवा झाला त्याने पाना धरायचा नाही. ते म्हणाले, "नियम माझा होता, मी मोडतो. उचल ती पेटी." मी उचलली नाही. म्हटलं, तुम्ही मोडून चालणार नाही. ज्याने तो सात वर्षं फुकट भोगला त्याने मोडायचा. तेव्हापासून मी गॅरेज उघडते, झाडते, गिऱ्हाइकांना परत पाठवते आणि कुलूप लावते. आप्पा दिवसभर पंखा लावून बसतात. डॉक्टरांना सांगितलंय, गाडीला वेळ लागेल. ते म्हणाले, लागू दे.

हिरवी गाडी लिफ्टवर तशीच आहे. तीन बोल्ट, आणि चौथ्याचं भोक. खाली उभं राहून त्यातून वर बघितलं तर मागच्या सीटची एक स्प्रिंग दिसते. तू येऊन पेटी माझ्या हातात दिलीस तर मी ते भोक बुजवेन, पट्टी सरळ करेन, पाइप उतरवेन. नाही दिलीस तर तू बुजव, मी बॅटरी धरून उभी राहीन. दोन्ही मला चालेल. न येणं चालणार नाही. सायकलच्या दुकानाला कुलूप घाल, नाहीतर दुकानच कुणाच्या गळ्यात घाल, मला सांगू नकोस.

आणि येऊन 'जाऊ दे गं' म्हणायचं नाही. ते मी ऐकून घेणार नाही. आधी मला शिव्या घाल, जेवढ्या मी तुला घातल्या तेवढ्या. मोजून सांगेन मी. त्याच्या आत गोड बोललास तर दुसरा पाना फेकेन, आणि या वेळी पिंपावर नाही.

माफ कर मला, दादा. हे मी दात ओठ खात लिहितेय, हळू आवाजात वाचू नकोस.

आई विचारते, येताना अंथरूण आणणार का, की तिने काढून ठेवायचं. तिने काल ते उन्हात घातलंसुद्धा.

मागच्या पत्राखाली सही नव्हती. या वेळी खाली लाल ठिपका आहे, त्याच बाटलीतला. तळाशी थोडी उरली होती, ती पातळ करून घेतली. आधी आप्पांना सांगितलं, आजींना सांगितलं, मगच लावलाय.

तुझी,
ठिणगी